एआयच्या डॅशबोर्डवर 'रीझनिंग' आणि 'एथिक्स'चे आलेख दिसतात, ते नेमके वाचायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत माणसं निवडायला एआय आणलंय. एथिक्सच्या टॅबवर कोळ्याच्या जाळ्यासारखा रडार चार्ट हिरवागार, रीझनिंगच्या टॅबवर प्रत्येक उमेदवारापुढे कोणत्या घटकानं निकाल किती हलवला ते दाखवणाऱ्या लाल-निळ्या पट्ट्या, खाली दोन ओळींचं कारण, आणि साहेब म्हणतात सगळं हिरवं आहे, सही करा. सही करू नका. निदान पुढचं वाचल्याशिवाय तरी नको.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात एकवीस वर्षं काम करते. शिक्षण बी.कॉम. मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर, कसं बनवतात ते मला येत नाही, पण त्यानं दाखवलेल्या तीन पट्ट्यांपायी मी वर्षभर भांडले आहे. त्या भांडणातून जे कळलं ते सांगते.

आमच्याकडे कर्जाचा अर्ज भरला की स्क्रीनवर शंभरपैकी गुण यायला लागले, त्याच सुमारास एक बाई आल्या. पंचगंगेकाठचं गाव, नवरा वारलेला, दारात दोन म्हशी. आणखी दोन मुऱ्हा घ्यायच्या होत्या. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यावर जमा, जामीनदार दोघेही पगारदार. कागदी फाइल असती तर मी अर्ध्या तासात शिफारस लिहिली असती. स्क्रीनवर आलं ५८. मंजुरीची रेघ ६५ ला. आणि खाली वाक्य: 'अर्जदाराचा परतफेडीचा पूर्वेतिहास समाधानकारक नाही.'

हे वाक्य मला झोंबलं. त्या बाईंचं आधीचं कर्ज माझ्याच हातून गेलेलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात छतापर्यंत पाणी होतं, म्हशी वर डोंगराकडं नेऊन बांधलेल्या. सहा महिने हप्ता आला नाही, मुदतवाढ आम्हीच दिली होती. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी व्याजासकट पै न् पै फेडली. शेवटची पावती मी फाडली आहे. बाई काउंटरसमोर पदर सावरत उभ्या होत्या आणि मशीन मला सांगत होतं की यांचा इतिहास बरा नाही.

मी पट्ट्यांवर गेले. वर पाच मोठ्या पट्ट्या होत्या, सगळ्यांत लांब लाल पट्टी 'मागितलेली रक्कम'. त्यांच्याखाली एक राखाडी ओळ: 'इतर १४ घटक'. ती दाबली की पूर्ण यादी उघडते. त्यात 'गाव', 'शाखा' आणि 'मागील कर्जातील सर्वाधिक विलंब' अशा तीन लाल पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या, एकेक अगदी बारीक. मी टेबलावरची सहा इंची पट्टी स्क्रीनला लावून मोजल्या. सगळ्यांत वरची ३१ मिलिमीटर. या तिघी १४, १२ आणि ११, म्हणजे ३७. तिन्ही एकच गोष्ट सांगत होत्या: पूर. तीन नावांखाली विभागल्यामुळे पुराचं नाव पहिल्या पाचांत कुठंच नव्हतं.

हे फक्त आमच्याच सॉफ्टवेअरचं नाही. या पट्ट्या पुष्कळ ठिकाणी शॅप नावाच्या पद्धतीनं काढतात. ती २०१७ साली आली, पण तिच्या मुळाशी लॉइड शॅप्ली यांचं १९५३ चं गणित आहे: भागीदारीत झालेल्या कमाईत कुणाचा किती वाटा, याचं. त्यामुळे दोन घटक एकमेकांना चिकटलेले असले की वजन दोघांत वाटलं जातं आणि दोघंही किरकोळ दिसतात. म्हणून सारख्या अर्थाच्या पट्ट्या शोधून त्यांची बेरीज करा. ती चालते, कारण पट्ट्या बेरजेसाठीच बनवलेल्या असतात. मात्र पट्टीवरचा ०.४ म्हणजे ४० टक्के असं धरू नका. पुष्कळ मॉडेलांत तो लॉग-ऑड्सचा, म्हणजे होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतेच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमचा, आकडा असतो; ०.४ म्हणजे ते गुणोत्तर साधारण दीडपट.

आणि लाल म्हणजे वाईट हेही डोक्यातून काढा. लाल म्हणजे अंदाज वर ढकलणारा घटक. आमच्याकडे आतलं मॉडेल जोखीम मोजायचं, म्हणून लाल पट्टी अर्जदाराच्या विरुद्ध. तुमच्याकडे निवडीची शक्यता मोजत असतील तर लाल पट्टी उमेदवाराच्या बाजूची. हे आधी विचारून घ्या.

मग मी सॉफ्टवेअर कंपनीच्या पोराला फोन करून चाचणीची प्रत उघडायला लावली. म्हटलं, या बाईंचं गाव आणि शाखा तेवढी बदल, पन्हाळ्याची घाल, बाकी एका अक्षराला हात लावू नकोस. पन्हाळ्यावर तर पंचगंगा चढत नाही. गुण आले ६७. कर्ज मंजूर.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यांत उपयोगी उत्तर हेच. आलेख बघत बसण्यापेक्षा एक गोष्ट बदला आणि परत चालवा. उमेदवाराचं गाव बदला, कॉलेज बदला, मधली दोन वर्षांची रजा काढून टाका. ॲमेझॉननं भरतीसाठी असं मॉडेल करून पाहिलं होतं, त्याची बातमी २०१८ मध्ये फुटली: दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले होते, अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून 'महिलांचा' असा शब्द असलेल्या अर्जाला ते खाली ढकलायचं. अर्जात स्त्री-पुरुष असा रकाना नसला तरी हे होतं.

खालच्या दोन ओळींच्या 'कारणा'वर तर मी अजिबात विसंबत नाही. अनेकदा निर्णय एक यंत्रणा घेते आणि वाक्य दुसरी जुळवते. आमच्याकडे तसंच होतं: भाषेचं मॉडेल वरच्या पट्ट्या बघून वाक्य लिहायचं. हल्लीची मॉडेलं स्वतःच विचार करून दाखवतात, तिथंही सावध राहा. २०२५ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीनं स्वतःच्या क्लॉड मॉडेलवर आणि दुसऱ्या कंपनीच्या डीपसीकवर प्रयोग केला. प्रश्नात उत्तराची चिठ्ठी सरकवून ठेवली आणि मॉडेलनं ती वापरली तेव्हा लिहिलेल्या विचारात तसं कबूल केलं का, हे पाहिलं. क्लॉड ३.७ सॉनेटनं सरासरी २५ टक्के वेळा कबूल केलं, डीपसीक आर१ नं ३९ टक्के. उरलेल्या वेळी चिठ्ठीचा उल्लेखही नाही. बनवणारेच हे छापतात, तर आपण त्या रीझनिंगच्या टॅबला शपथेवरची साक्ष का मानायची?

आता रडार. आमच्याही रडारवर 'निष्पक्षता' ९४ होती. मी विचारलं, कशाची? उत्तर मिळालं, पुरुष आणि स्त्री अर्जदारांच्या मंजुरीचं प्रमाण. ते खरंच जवळजवळ सारखं होतं. नदीकाठ आणि माळावरची गावं अशी तुलना कुणी केलीच नव्हती. जे मोजलंच नाही ते लाल दिसणार कसं? शिवाय निष्पक्षता काही एकच नसते. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का हे सांगणाऱ्या कॉम्पास नावाच्या प्रणालीवर २०१६ मध्ये मोठा वाद झाला. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी दाखवलं की पुढं गुन्हा न केलेल्यांपैकी ४४.९ टक्के कृष्णवर्णीयांना जास्त धोक्याचं ठरवलं होतं, गोऱ्यांत २३.५ टक्के. कॉम्पास बनवणारी कंपनी म्हणाली, आमच्या गुणांचा अर्थ दोन्ही गटांना सारखाच लागू होतो. दोघांचंही आपापल्या मोजमापानं बरोबर होतं. आणि त्यानंतर गणितानंच सिद्ध झालं की दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असेल तर, अंदाज अचूकच असल्याखेरीज, दोन्ही प्रकारची निष्पक्षता एकदम मिळत नाही. एक निवडावी लागते. तुमच्या कंपनीत ती कुणी निवडली? नाव विचारा.

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी घड्याळ बघावं तशी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला ती ५५ फुटांवर गेली होती. तो आकडा कुठं मोजला, किती फुटांना कुणाच्या दारात पाणी येतं, हे शाळकरी पोरही सांगतं. एथिक्सच्या ९४ बद्दल एवढं सांगणारा माणूस तुमच्या ऑफिसात असेल तरच तो आकडा कामाचा.

माझे धाकटे दीर पुण्यात याच क्षेत्रात आहेत. आषाढात नदीला नवं पाणी आलं की त्र्यंबोलीच्या यात्रेला सगळे घरी जमतो, त्या जेवणावर मी ही गोष्ट काढली. ते म्हणाले, "वहिनी, मॉडेल बरोबर आहे. त्या गावांत हप्ते थकतात, ते तसंच दाखवतंय. तुम्ही गणिताशी भांडताय. सगळ्यांना एक नियम, हाच न्याय." मी म्हटलं, "भावजी, शाहू महाराजांनी अभ्यंकर वकिलांना पागेत नेऊन घोड्यांचा चंदी खाण्याचा प्रकार दाखवला ती गोष्ट तुम्ही याच घरात ऐकलीय." सगळ्या घोड्यांपुढे एकत्र चंदी टाकली की दांडगे खातात आणि अशक्त मागं राहतात. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागास वर्गांसाठी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यामागचा विचार समजायला आमच्याकडे ही गोष्ट सांगतात. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. म्हणाले, भावना वेगळी, डेटा वेगळा.

म्हणून मी डेटाच काढला. त्या शाखेची २०१९ ची खाती घेऊन दोन रविवार बसले. नव्वद दिवसांवर थकलेली एकेचाळीस खाती. त्यांतली अडतीस नंतर पूर्ण फिटलेली. मग मला मुळाशी काय आहे ते कळलं. मॉडेल शिकवताना 'बुडीत' कशाला म्हणायचं हे ठरवताना नव्वद दिवस थकलं की बुडीत, अशी एक ओळ लिहिलेली होती. थकणं आणि बुडवणं यांत त्या ओळीनं फरकच ठेवला नाही. भावजी, तुम्ही म्हणत होता मॉडेल बरोबर आहे. ते विचारलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत होतं, पण प्रश्न चुकीचा विचारला होता, आणि ती ओळ डॅशबोर्डच्या एकाही टॅबवर नव्हती. मी तेव्हापासून हेच सांगतेय.

तेव्हा तुम्हीही विचारा: 'चांगला कर्मचारी' म्हणजे काय धरलंय? दोन वर्षं टिकला तो? साहेबांनी जास्त गुण दिले तो? हे कळल्याशिवाय त्या पट्ट्यांना अर्थ नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पैसा ठेवीदारांचा असतो आणि पुन्हा पूर येणार हेही खरं आहे, २०२१ ला आलाच. त्यामुळे गाव अजिबात बघू नका असं मी म्हणत नाही. पूर्वी कागदावर काम चालायचं तेव्हा संचालकाच्या फोनवर कर्जं अडायची आणि सुटायचीही, आणि त्याची पट्टी कुठंच दिसायची नाही. हा डॅशबोर्ड नसता तर त्या तीन रेघा मला मोजताच आल्या नसत्या. शॅपच्या पट्ट्या मी आजही रोज बघते.

त्या बाईंचं कर्ज मी कर्ज समितीपुढे लेखी टिपण देऊन मंजूर करून घेतलं. दोन्ही मुऱ्हा दारात आहेत. आणि थकबाकीच्या रजिस्टरात आम्ही आता एक रकाना वाढवलाय, 'उशिराचं कारण'. तो अजून हातानंच भरतो. सॉफ्टवेअरमध्ये तो घ्या म्हणून कंपनीला तिसरं पत्र गेल्या महिन्यात पाठवलंय.