सरोगसीतून जन्मलेल्या मुलाला सत्य सांगावे का?

प्रश्न : भारतात व्यावसायिक सरोगसीवर बंदी नव्हती, त्या काळात आमच्या मुलाचा जन्म झाला. स्त्रीबीज माझेच होते. आता तो बारा वर्षांचा आहे. त्याला आम्ही काहीही सांगितलेले नाही. सरोगसीतून जन्मलेली ऑलिव्हिया मोरेल हीच या पद्धतीवर जगभर बंदी मागत आहे, हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोरेल यांचा जन्म 1991 मध्ये अमेरिकेत झाला. आपल्या जन्माविषयी काहीतरी दडवले जात आहे, अशी शंका त्यांना लहानपणापासून होती. पण तिशीच्या सुमारास डीएनए चाचणी केल्यावरच तिला दुजोरा मिळाला. त्यांच्या बाबतीत सरोगेट स्त्रीचेच स्त्रीबीज वापरलेले होते, म्हणजे जिने जन्म देऊन त्यांना दुसऱ्यांच्या हवाली केले ती त्यांची जैविक आईही होती. सरोगसीच्या जागतिक निर्मूलनाची मागणी करणारा कासाब्लांका जाहीरनामा मार्च 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या पुढे त्याच्या प्रवक्त्या झाल्या. पैसे घेऊन असो वा न घेता, मूल हा कराराचा विषय होऊच नये, ही त्यांची भूमिका आहे.

तुमची परिस्थिती वेगळी आहे. 2021 च्या सरोगसी कायद्याने भारतात व्यावसायिक सरोगसी बंद केली आणि सरोगेट मातेने स्वतःचे स्त्रीबीज देण्यासही मनाई केली. तुमच्या मुलाचेही तिच्याशी जनुकीय नाते नाही. तरीही मोरेल यांच्या दुःखाचा एक भाग तुमच्या घरालाही लागू पडतो, आणि तो म्हणजे लपवाछपवी. जन्मकथा मुलाला सांगण्याचे बंधन हा कायदा पालकांवर घालत नाही, त्यामुळे ती जबाबदारी सर्वस्वी तुमची आहे.

माझे मत स्पष्ट आहे : सांगा, आणि लवकर सांगा. बारा वर्षांच्या मुलाला गर्भधारणा म्हणजे काय हे कळते. एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून किंवा पुढे चाचणीतून कळण्यापेक्षा ते त्याने तुमच्याकडून ऐकणे केव्हाही चांगले. सांगताना त्या स्त्रीचा उल्लेख आदराने करा. तिला मोबदला दिला होता हेही लपवू नका, कारण त्याचा सर्वांत अवघड प्रश्न बहुधा तोच असेल. त्याला राग आला तर तो येऊ द्यावा. त्या काळचा करारनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे मात्र आजच एकत्र करून ठेवा; पुढे त्याने मागितली, तर ती त्याच्या हाती देता आली पाहिजेत.