मॅलॉकच्या खाली प्रिंटएफ टाकलं की सी प्रोग्राम चालतो, काढलं की बंद पडतो. चूक कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फाइलमधून जिल्ह्यांची नावं एकेक ओळ करून वाचायची, शेवटचं न्यूलाइन काढायचं, प्रत्येक नावासाठी मॅलॉकने मेमरीतून २० बाइट घ्यायचे, स्ट्रकॉपीने नाव त्यात उतरवायचं आणि पॉइंटर ॲरेत ठेवायचा. फाइलमध्ये चार नावं आहेत: कोल्हापूर, नागपूर, पुणे, सातारा. लिनक्सवर चालवलं की ‘मॅलॉक: करप्टेड टॉप साइझ’ असा मेसेज येऊन प्रोग्राम मरतो. मॅलॉक आणि स्ट्रकॉपी यांच्या मध्ये प्रिंटएफ टाकलं की चारही नावं व्यवस्थित येतात. तेच प्रिंटएफ स्ट्रकॉपीच्या खाली नेलं की प्रोग्राम प्रिंटएफवरच मरतो. आता डीबगर (प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं हत्यार) शिकावा का, असं तुम्ही विचारताय.

डीबगर जरूर शिका, पण ही चूक शोधायला आधी डीबगर उघडू नका. मेमरीची चूक आणि लॉजिकची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची हत्यारंही वेगळी आहेत. लॉजिक चुकलं असेल तर जिथे उत्तर बिघडतं तिथून मागे जाता येतं. मेमरी बिघडवणारी ओळ मात्र गुपचूप पुढे निघून जाते आणि मरते दुसरीच, जिचा काही दोष नसतो. ब्रेकपॉइंट (ठरलेल्या ओळीवर प्रोग्राम थांबवणारी खूण) लावून त्या निर्दोष ओळीकडे कितीही वेळ बघत बसलात तरी हाती काही लागत नाही.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

पहिलं काम म्हणजे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा आणि जीसीसीला (सी कंपायलरला) तीन फ्लॅग द्या: हायफन जी, हायफन कॅपिटल ओ शून्य आणि हायफन एफसॅनिटाइझ बरोबर ॲड्रेस. कंपाइल आणि लिंक वेगवेगळ्या कमांडने करत असाल तर सॅनिटाइझचा फ्लॅग दोन्हीकडे हवा. फक्त कंपाइलला दिला तर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळीच्या ओळी ओकतो आणि लोक तिथेच हे हत्यार सोडून देतात. आता प्रोग्राम नेहमीसारखा चालवा. त्या फ्लॅगमुळे जोडला गेलेला ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस, पहिल्याच चुकीच्या लिखाणाला प्रोग्राम थांबवेल आणि लांबलचक रिपोर्ट छापेल. त्यातल्या चारच गोष्टी वाचायच्या. ‘हीप बफर ओव्हरफ्लो’ म्हणजे चूक कोणत्या प्रकारची ते: हीपमध्ये, म्हणजे मॅलॉक जिथून जागा देतं त्या मेमरीत, घेतलेल्या जागेबाहेर लिहिलं गेलं. ‘राइट ऑफ साइझ २८’ म्हणजे २८ बाइट लिहायचा प्रयत्न झाला. त्याखालच्या यादीत तुमच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ, ती स्ट्रकॉपीची निघेल. आणि त्याच्याही खाली, हा पत्ता ‘२० बाइटच्या भागानंतर शून्य बाइटवर’ आहे आणि तो भाग अमुक ओळीच्या मॅलॉकने घेतला होता, ही माहिती. शेवटी रंगीत आकड्यांचा तक्ता येतो, तो सुरुवातीला खुशाल सोडून द्या.

२० बाइटच्या जागेत २८ बाइट, एवढीच चूक आहे. पण २८ कुठून आले? यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा, हलंत, अनुस्वार यांची चिन्हं स्वतंत्र मोजली जातात. कोल्हापूर म्हणजे क, ओची मात्रा, ल, हलंत, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी ९ चिन्हं. २७ बाइट झाले, वर शेवटचा शून्य बाइट. खात्री करायची तर टर्मिनलवर एको हायफन एन आणि पुढे नाव लिहून ते पाइपने डब्ल्यूसी हायफन सीकडे द्या, २७ येतील. हायफन एन विसरलात तर न्यूलाइनचा एक बाइट जास्त मोजला जातो. नागपूर आणि सातारा दोन्ही ६ चिन्हांचे, म्हणजे १८ अधिक १, एकूण १९ बाइट. ते २० मध्ये मावतात. पुणे तर १३ मध्येच. म्हणून ‘बाकीची नावं चालतात’ असं तुम्हाला दिसतं.

आता प्रिंटएफचं कोडं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण असल्या चुका लोकांचे दिवसच्या दिवस खातात. ६४-बिट लिनक्सवर ग्लिबसीचं (तिथल्या सी लायब्ररीचं) मॅलॉक १६ च्या पटीत तुकडे पाडतं. तुम्ही २० मागितले की ३२ बाइटचा तुकडा मिळतो आणि त्यातले २४ तुमच्या वापराला येतात. २४ च्या लगेच पुढे पुढच्या तुकड्याचा आकार नोंदवलेला असतो. कोल्हापूरचे शेवटचे चार बाइट, म्हणजे ‘र’चे तीन आणि शेवटचा शून्य, बरोबर त्या नोंदीवर पडतात. कोल्हापूर हा शेवटचाच तुकडा असल्यामुळे पुढे हीपची उरलेली सगळी मोकळी जागा असते. तिलाच ‘टॉप’ म्हणतात. ‘र’चे बाइट ई०, ए४, बी०. उलट्या क्रमाने वाचले की आकडा होतो १,१५,७६,५४४. सुरुवातीला अख्ख्या हीपसाठीच १,३५,१६८ बाइट मिळालेले असताना टॉप एक कोटीच्या वर कसा, हे मॅलॉकला पुढच्या मागणीच्या वेळी दिसतं आणि ते प्रोग्राम बंद करतं. ती पुढची मागणी नागपूरची होती. नागपूर निर्दोष आहे.

प्रोग्राममधलं पहिलं प्रिंटएफ स्वतःच्या बफरसाठी मॅलॉक करतं, टर्मिनलवर १०२४ बाइट. ते तुम्ही मॅलॉक आणि स्ट्रकॉपीच्या मध्ये टाकलंत तेव्हा कोल्हापूरच्या शेजारी टॉपऐवजी हा बफर येऊन बसला. स्ट्रकॉपीने त्याच्या आकाराची नोंद बिघडवली, पण तो बफर कोणी फ्री करत नाही, त्यामुळे ती नोंद कोणी वाचतच नाही. चूक जशीच्या तशी आहे, फक्त झाकली गेली. प्रिंटएफ खाली नेलंत तेव्हा टॉप आधीच बिघडलेला होता, आणि बफर मागायला गेलेलं प्रिंटएफच त्यात सापडलं.

म्हणून प्रिंट करून शोधायचंच असेल तर एफ-प्रिंटएफने एसटीडी-एररवर छापा. त्याला बफर नसतो, त्यामुळे हीपची रचना हलत नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा. एसटीडी-आउट (प्रिंटएफ जिथे छापतं ते) टर्मिनलवर न्यूलाइन आल्यावर रिकामं होतं, पण फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलं की हजारो बाइट साठवून मगच लिहितं. मधेच प्रोग्राम मेला की साठलेलं सगळं जातं. ‘इथपर्यंत पोचलाच नाही’ असा तुमचा समज होतो, आणि प्रत्यक्षात तो बराच पुढे जाऊन मेलेला असतो.

आता जीडीबी, म्हणजे डीबगर. याच चुकीवर ते एकदा चालवून बघा, कारण वॉचपॉइंट (मेमरीतली ठरलेली जागा बदलली की प्रोग्राम थांबवणारी खूण) शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. त्यासाठी सॅनिटायझर काढून, फक्त हायफन जी आणि ओ शून्य ठेवून प्रोग्राम बांधा. जीडीबीत रन दिलं की प्रोग्राम मरेल. मग बीटी द्या, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून इथवर आलो त्याची यादी येईल. वरच्या पाच-सहा ओळी रेझ, अबॉर्ट, मॅलॉक अशा ग्लिबसीच्या असतील, त्या ओलांडून तुमच्या फाइलचं नाव शोधा. तिथे नागपूरची मॅलॉकची ओळ दिसेल. आता स्ट्रकॉपीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून पुन्हा रन करा. थांबल्यावर पॉइंटरच्या पत्त्यात २४ मिळवा, त्या जागेकडे इंट म्हणून बघा आणि त्यावर वॉच हायफन एल लावा. हायफन एल महत्त्वाचं आहे. ते नसलं तर फंक्शन संपून पॉइंटर व्हेरिएबल गेलं की वॉचही जातो. ते असलं की जीडीबी पत्ता धरून ठेवतं. कंटिन्यू दिलं की क्षणात थांबेल: जुना आकडा सुमारे १ लाख ३० हजार, नवा १,१५,७६,५४४. थांबेल ते स्ट्रकॉपीच्या असेंब्लीत, तिथून अप दिलं की तुमची ओळ समोर येईल. इंटेल-एएमडी प्रोसेसरमध्ये असे हार्डवेअर वॉच एका वेळी चारच लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ८ बाइटचे. त्याहून मोठी जागा पाहायला सांगितली तर जीडीबी प्रोग्राम एकेक पायरीने चालवू लागतं आणि तो इतका मंदावतो की अडकला असं वाटतं.

ओ शून्यचा आग्रह का, तर ओ२ ला व्हेरिएबल रजिस्टरमध्ये जातात, ओळी पुढे-मागे होतात आणि प्रिंट दिलं की ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढंच उत्तर येतं. उबुंटूवर ऑप्टिमायझेशन चालू केलं की स्ट्रकॉपीवर ग्लिबसीची एक जास्तीची तपासणीही आपोआप लागते. त्यामुळे तुमचा हाच कोड ओ२ ने बांधलात तर ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ असा वेगळा मेसेज येण्याची शक्यता आहे. चूक तीच, पकडणारा वेगळा.

दुरुस्ती एका ओळीची आहे: मॅलॉकला २० ऐवजी स्ट्रलेन अधिक १ द्या, किंवा सरळ स्ट्रडप (हवी तेवढी जागा घेऊन त्यात नाव उतरवणारं फंक्शन) वापरा. २० चे ५० करणं ही दुरुस्ती नाही, तो पुढच्या लांब नावापर्यंतचा धीर आहे. स्ट्रएनकॉपीचाही सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. २० बाइटवर ते कोल्हापूरला ‘कोल्हा’ आणि ‘प’चे दोन बाइट इतकंच उतरवेल. अर्धवट ‘प’ स्क्रीनवर प्रश्नचिन्हासारखा दिसेल, आणि शेवटी शून्य बाइट नसल्यामुळे छापताना पुढचा कचराही बाहेर येईल.

मग टेस्ट लिहा, आणि त्यात नावं विचारपूर्वक निवडा. सातारा १९ बाइट, २० मध्ये बसतो. गोंदिया शून्य बाइट धरून २२ बाइट, आणि माझ्या मते या सगळ्यात धोकादायक नाव हेच. ते २० च्या बाहेर जातं पण २४ च्या आत राहतं, त्यामुळे साध्या बिल्डमध्ये तुमचा जुना कोड गोंदियावर कधीच मरणार नाही. सॅनिटायझर मात्र ते पकडतो. चंद्रपूर २५, म्हणजे शून्य बाइट नेमका शेजारच्या नोंदीवर. छत्रपती संभाजीनगर मधल्या जागेसकट ५०. यांच्या जोडीला एक रिकामी ओळ घ्या, शेवटी न्यूलाइन नसलेली फाइल घ्या आणि विंडोजवर तयार केलेली एक फाइल घ्या. विंडोजच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्नचा एक बाइट जास्त येतो आणि कधीकधी सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या खुणेचे) तीन बाइट असतात. दिसायला नाव तेच, पण तुलना केली की जुळत नाही. सगळ्या टेस्ट सॅनिटायझरच्या बिल्डवरच चालवा. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू होतो, टेस्टसाठी ते चालतं. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या कमांड ठेवायच्या फाइलमध्ये) त्यासाठी वेगळं टार्गेट ठेवलं की फ्लॅग विसरायचा प्रश्न येत नाही.

सॅनिटायझरला सगळं दिसत नाही, हेही माहीत असू द्या. एकाच स्ट्रक्चरमधला ॲरे ओलांडून तुम्ही शेजारच्या मेंबरवर लिहिलंत तर तो सहसा गप्प राहतो. किंमत न दिलेलं व्हेरिएबल वाचलंत तरी गप्प. त्या दुसऱ्या प्रकारासाठी व्हॅलग्रिंड आहे. त्याला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, नेहमीच्या कमांडच्या आधी व्हॅलग्रिंड लिहायचं. मात्र प्रोग्राम २० ते ३० पट हळू होतो. आणि सॅनिटायझर लावलेला प्रोग्राम व्हॅलग्रिंडखाली चालवू नका, दोघांचं जमत नाही.

एक गोष्ट तुम्हाला लगेच आडवी येईल. दुरुस्तीनंतर प्रोग्राम संपताना लिनक्सवर मेमरी लीकचा रिपोर्ट येऊ शकतो, कारण नावं फ्री केलेली नाहीत. ती चूक खरी आहे, शेवटी लूप लावून फ्री करा. पण सॅनिटायझरचा बिल्ड जीडीबीत चालवलात तर लीक तपासणारा भाग त्याच्याखाली चालत नाही आणि भलतीच एरर देतो. तेवढ्यापुरतं एसॅन अंडरस्कोर ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डिटेक्ट अंडरस्कोर लीक्स शून्य करा.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीबरोबर ॲड्रेस सॅनिटायझर येत नाही, लिंक करतानाच अडतं. तिथे डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीत) उबुंटू घ्या आणि वरचं सगळं जसंच्या तसं करा. व्हिज्युअल स्टुडिओ वापरत असाल तर २०१९ च्या १६.९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्येही तो आहे, प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये सी-सी++ खाली चालू करता येतो. हे करूनही रिपोर्टमध्ये काही उरलं तर पहिल्या दहा ओळी आणि मॅलॉकची ओळ इथे टाका, बघतो.