वृद्धसेवा केंद्रातील प्रतिजैविके आणि टॅबलेटवरची नोंद

प्रश्न : माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाई घोडबंदर रस्त्यावरील एका वृद्धसेवा केंद्रात राहतात. लघवीच्या तपासणीत जंतू आढळले, की डॉक्टर फोनवरूनच अँटिबायोटिक सुरू करायला सांगतात. आता केंद्राने औषधांच्या नोंदीसाठी टॅबलेटवर चालणारी प्रणाली आणली आहे. तिने काही फरक पडेल का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : फरक पडू शकतो, मात्र ती प्रणाली औषध सुरू होण्यापूर्वी काय विचारते, यावर ते अवलंबून आहे. केवळ औषधाचे नाव आणि वेळ टिपली जात असेल, तर जुनी वहीच पडद्यावर आली, असे समजावे.

अशा केंद्रांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी साधारण २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू सापडतात. त्यांना प्रतिजैविक देऊन लाभ होत नाही. उलट जुलाब होऊ शकतात, इतर औषधांशी ते कधी कधी जुळत नाही आणि पुढे खरा संसर्ग झाला, तर तेच औषध निष्प्रभ ठरण्याची भीती राहते. लघवी गढूळ दिसणे किंवा तिला वास येणे, हेही पुरेसे कारण नव्हे. म्हणून चांगली प्रणाली कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात, हे पाहणारी तपासणी) पाठवण्यापूर्वीच ताप, जळजळ, ओटीपोटातील दुखणे यांची नोंद मागते. फोनवरील डॉक्टरांना रुग्ण दिसत नसतो. परिचारिकेने टिपलेली ही लक्षणे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पूर्वीची ॲलर्जी त्यांच्यासमोर एकत्र आली, तर निर्णय बदलतो. माझ्या मते प्रणालीचा खरा उपयोग इथेच आहे.

औषध सुरू केलेच, तर त्याचे कारण व शेवटची तारीख नोंदवलेली असावी आणि ४८ ते ७२ तासांनी फेरविचाराची आठवण यावी, म्हणजे कल्चरचा अहवाल पाहून ते थांबवता किंवा बदलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे ‘ॲक्सेस’ (नेहमीच्या संसर्गांसाठी आधी वापरायची), ‘वॉच’ (जपून वापरायची) आणि ‘रिझर्व्ह’ (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची) असे गट केले. तो गटही पडद्यावर दिसावा. सूचना मोजक्याच हव्यात, कारण सतत वाजणारी सूचना कर्मचारी न वाचताच बंद करतात.

सासूबाईंच्या पुढच्या औषधाच्या वेळी कारण, मुदत आणि फेरविचाराची तारीख केंद्राकडे मागा. चालू औषध मात्र स्वतःहून थांबवू नका. थंडी वाजून ताप आला, रक्तदाब उतरला किंवा त्या अचानक भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या, तर नोंदींची वाट न पाहता डॉक्टरांनी प्रत्यक्ष येऊन तपासावे किंवा त्यांना रुग्णालयात हलवावे.