नवा मिनी ट्रॅक्टर घ्यावा की वापरलेला?

शेती-यंत्रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची ८ एकर संत्र्याची बाग आहे, झाडं ६ बाय ६ मीटरवर. शिवाय ६ एकरांत कपाशी आणि तूर. आजवर सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललं, पण ऐन फवारणीत ट्रॅक्टर मिळत नाही. २४ एचपीचा नवा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर ५ लाख ६० हजारांना सांगतात. तसाच चार वर्षं वापरलेला ३ लाख ६० हजारांत आहे. हाताशी १ लाख ६० हजार आहेत. नव्याला बँक १० टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज देते, जुन्याला फायनान्स कंपनी १६ टक्क्यांनी तीन वर्षांचं. काय करावं?
(एक बागायतदार, काटोल)

उत्तर : किमतीकडे नंतर येऊ. आधी ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालणार ते काढा. ट्रॅक्टरमागे जोडायच्या ४०० लिटरच्या ब्लोअरने (हवेच्या झोताने फवारणारं यंत्र), पाणी भरायचा वेळ धरून, तासाला साधारण दीड एकर होतो. म्हणजे आठ एकरांच्या एका फवारणीला साडेपाच तास, आणि वर्षाला आठ फवारण्या धरल्या तर ४४ तास. ओळींमधल्या पट्ट्यात चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) एकरी सव्वा तास घेतो. तीन वेळा फिरवला तर ३० तास. कपाशीच्या वावरात कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्या आणि रोटाव्हेटरची एक, मिळून २० ते २५ तास. शेणखत, क्रेट, पाण्याची टाकी यांची ने-आण ५० तास. बेरीज दीडशेच्या आसपास जाते.

एवढ्या कामासाठी चांगल्या स्थितीतला वापरलेला ट्रॅक्टर पुरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण शेजाऱ्यांच्या बागांत भाड्याने फवारणी करायचा विचार असेल आणि त्यातून आणखी २५०-३०० तास वाढणार असतील, तर नवाच घ्या. कारण बिघाड नेमका कामाच्या आठवड्यात येतो. कोळशी (पाना-फळांवरची काळी बुरशी) आणणाऱ्या काळ्या माशीची अंडी उबून पिल्लं बाहेर पडतात तेच फवारणीचे दिवस, आणि ते मोजके असतात. तेव्हा ट्रॅक्टर गॅरेजात उभा राहिला तर तुमची बाग जाते आणि गिऱ्हाईकही.

आता हप्ते. सहामाही हप्त्याने नव्याचं ४ लाखांचं कर्ज म्हणजे दहा हप्ते, प्रत्येकी सुमारे ५१,८००. एकूण व्याज १ लाख १८ हजार. जुन्याचं २ लाखांचं कर्ज म्हणजे सहा हप्ते, प्रत्येकी सुमारे ४३,३००; व्याज साठ हजारांच्या घरात. हप्त्यातला फरक जेमतेम साडेआठ हजारांचा आहे, तेव्हा 'हप्ता हलका पडेल' म्हणून जुना घेत असाल तर तो हिशेब चुकतोय. जुन्याचा फायदा इतकाच की तीन वर्षांत मोकळे होता. आणि हातातले सगळे १ लाख ६० हजार त्यात घालू नका. चार वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरला टायर, बॅटरी, क्लचप्लेट यांपैकी काही ना काही पहिल्याच वर्षी लागतं. किंमत ३ लाख २० हजारांवर आणा आणि ४० हजार दुरुस्तीला बाजूला ठेवा. विकणारा तेवढा उतरत नसेल तर घाई नको, दुसरा बघा.

भाव उतरवायला एक मुद्दा तुमच्या हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ५ लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरला त्यामुळे ३५ हजार कमी पडतात. बरेच मालक अजून आपल्या जुन्या बिलाकडे बघून भाव सांगतात. त्यांना आजचं नव्याचं कोटेशन दाखवा. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूबही १८ वरून ५ टक्क्यांत आले आहेत, तेव्हा टायर बदलायचा खर्च धरताना आजचाच दर धरा.

अनुदान मिळणार असेल तर मात्र वरचा सल्ला उलटतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्पभूधारक यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळतात. ते फक्त नव्या ट्रॅक्टरला आहे, आणि पूर्वसंमती हाती येण्याआधी खरेदी केली की अनुदान गेलंच. अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीची वाट बघा. दोन लाखांचं अंतर त्याने एवढं कमी होतं की जुन्याची जोखीम घेण्यात अर्थ राहत नाही.

'जुनं इंजिन म्हणजे जुनं तंत्र' ही भीती या गटात नको. धुराचा ट्रेम-४ हा कडक नियम १ जानेवारी २०२३ पासून आला तो ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. २४ एचपीत चार वर्षांपूर्वीचं आणि आजचं इंजिन जवळपास सारखंच आहे.

पीटीओची, म्हणजे मागे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची ताकद मात्र दोन्हीकडे विचारा. बॉनेटवर २४ लिहिलेलं असलं तरी पीटीओला कुणाचे १८ येतात, कुणाचे २२, आणि ब्लोअर-रोटाव्हेटर चालतो तो याच आकड्यावर. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. विक्रेत्याकडून तो चाचणी अहवाल मागा, माहितीपत्रकावर जाऊ नका. बागेसाठी आणखी एक बघा : सायलेन्सर बॉनेटवर उभा आहे की खाली वळवलेला. उभा असेल तर लोंबत्या फांद्यांत अडकतो आणि फळं भाजतात.

एक काळजी ट्रॅक्टर नवा असो वा जुना, घ्याच. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर थरात असतात. झाडाच्या घेराखाली रोटाव्हेटर घातला की ती तुटतात, आणि त्या जखमांतून डिंक्या रोगाची (यात खोडातून डिंक पाझरतो) बुरशी शिरते. यंत्र ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यातच चालवा आणि खोली तीन-चार इंचांवर ठेवा.

प्रश्न : ओळखीतल्या एकांचा वापरलेला मिनी ट्रॅक्टर बघायला जायचं आहे. मेकॅनिक सोबत मिळेल असं नाही. मी स्वतः काय तपासू?
(एक शेतकरी भगिनी, कळमेश्वर)

उत्तर : ताई, निघण्याआधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून पाहा. गरम लागलं तर आधीच चालवून ठेवलंय. दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण थंड इंजिन सुरू होताना जे दिसतं ते गरम झाल्यावर दिसत नाही.

सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिक काढा. तेल काळं असेल तर चालेल, दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी जातंय, तिथूनच परत फिरा. गिअरबॉक्सचं तेलही असंच बघा. चिखलात, ओढ्यात चाललेल्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं, आणि बऱ्याच मिनी ट्रॅक्टरना हायड्रोलिक, गिअर आणि ऑइल ब्रेक यांना एकच तेल असतं, म्हणून नुकसान तिन्हीकडे होतं.

आता सुरू करायला सांगा. पहिल्या मिनिटाचा थोडा पांढरा धूर ठीक आहे. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर तेल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा लायनर गेलेत. रेस दिल्यावर काळा धूर येऊन थांबला तर चालेल. सतत येत असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा पंप-नोझलचं काम आहे, जे त्यामानाने स्वस्त आहे. नंतर इंजिन हळू चालू ठेवून इंजिन ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सैल करा आणि नुसतं ठेवा. ते जागेवर थरथरलं तर हरकत नाही. धुरासकट उडायला लागलं, तर सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) खाली उतरतोय आणि इंजिन खोलायचा खर्च दारात उभा आहे.

तासांच्या मीटरवर एकट्यावर विश्वास नको. केबल काढून ठेवली की मीटर थांबतं. १,००० तास दाखवतंय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ट्रॉली जोडायच्या हूकचं भोक लांबट झालंय, टॉप लिंकची (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याची) पिन झिजलीय, तर मीटर खोटं बोलतंय. टायरच्या बाजूला चार आकडी तारखेचा शिक्का बघा : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॅक्टर २०२१ चा, तास ८०० आणि टायर २०२४ चे, तर पहिले टायर कशाने गेले ते विचारा. असे ट्रॅक्टर बहुधा रेती-विटांच्या ट्रॉलीला रस्त्यावर चाललेले असतात. क्लच हाउसिंगभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तरी तोच संशय घ्या.

क्लच तपासायला सपाट, मोकळ्या जागी पुढे माणूस नसताना ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय.

हायड्रोलिकसाठी तेल गरम हवं. अर्धा तास रोटाव्हेटर चालवून मग तो पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. पंधरा मिनिटांनी परत मोजा. बोट-दोन बोटं खाली आला तर चालेल, पण जमिनीला टेकला तर पिस्टनचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. हीच चाचणी भर दुपारी घेतली तर आणखी एक कळतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रेडिएटर बरोबर काम करतो का, ते तापमानाच्या काट्यावर दिसेल. बागेतली धूळ आणि वाळलेलं गवत जाळीत बसून काटा चढत असेल तर ते साफ करता येतं. साफ करूनही चढला तर नको.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे टायर मूळ मापाचेच हवेत. पुढच्या-मागच्या चाकांच्या मापाचं गणित कंपनीने गिअरशी जुळवलेलं असतं. कुणी स्वस्तात दुसऱ्या मापाचे चढवले असतील तर पुढचे गिअर सतत ताणाखाली चालतात आणि तुटतात. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवून बघा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) ढिला असेल तर हाताला लागतो. पुढच्या हबच्या सीलमधून तेल ओघळलंय का, तेही तिथेच दिसेल.

इतकं करून दोन-तीन लहान गोष्टी निघाल्या तर त्यांचा खर्च किमतीतून वजा करा. इंजिनातलं पाणी, उडणारं झाकण आणि वेल्ड केलेलं हाउसिंग यांपैकी एकही निघालं, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

प्रश्न : नरखेडहून पांढुर्णा जवळ आहे. तिकडचा एमपी नंबरचा ट्रॅक्टर बराच स्वस्त मिळतो. कागदांची अडचण येईल का?
(एक वाचक, नरखेड)

उत्तर : येते, आणि ती पैसे दिल्यानंतर येते. म्हणून क्रम पाळा. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा, म्हणजे न फिटलेलं कर्ज, आहे का ते आधी एम-परिवहन ॲपवर बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन तो विकणाऱ्यानेच उतरवून द्यायला हवा. मग त्याच्या आरटीओतून फॉर्म २८ वरची एनओसी. ती आल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून नागपूर ग्रामीण आरटीओत नाव बदलायचं आणि एमएच ४० चा नंबर घ्यायचा. परराज्याच्या नंबरवर १२ महिन्यांच्या वर इथे चालवता येत नाही. विमाही स्वतःच्या नावावर करा. इंजिन आणि चासीचा नंबर आरसीशी जुळवताना पट्टीवरचा नाही, लोखंडावर ठोकलेला वाचा. ट्रॉली सोबत मिळत असेल तर तिची नोंदणी वेगळी असते, ते कागद वेगळे मागा. एनओसी हाती येईपर्यंत बयाण्यापलीकडे रक्कम देऊ नका.

प्रश्न : २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर ६०० लिटरचा ब्लोअर चालेल का?
(एक वाचक, सावनेर)

उत्तर : मागे लटकवायचा असेल तर नाही. पाण्याचेच ६०० किलो, त्यात यंत्राचं वजन दोन-अडीचशे. या गटातल्या बऱ्याच ट्रॅक्टरची हायड्रोलिक साडेसातशे किलोच्या आसपास उचलते. ओढून-ताणून उचललाच तरी पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि फोर व्हील ड्राइव्ह असून पुढची चाकं जमीन धरत नाहीत. लटकवायचा तर ४०० लिटरचा घ्या आणि पुढे वजनं लावा. ६०० च हवा असेल तर स्वतःच्या चाकांवर ओढायचा घ्या, पण ओळीच्या टोकाला वळायला जागा जास्त लागते. बांधापासून शेवटच्या झाडापर्यंतचं अंतर मोजून मगच बुकिंग करा.