‘डेस्पराडो’ बघायचा असेल तर आधी त्या गड्याच्या डाव्या हाताकडे बघा

तुम्ही विचारलंय की ‘डेस्पराडो’ (1995) दिसायला भारी आहे पण स्टोरीत दम नाही असं सगळे म्हणतात, तर बघावा का, आणि त्याच्या आधीचा पार्ट बघणं गरजेचं आहे का.

स्टोरीत दम नाही हे मी आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे भांडण नको. काळ्या कपड्यातला एक गिटारवाला मेक्सिकोतल्या एका धुळकट गावात येतो, हातातल्या गिटारच्या केसमध्ये बंदुका, आणि त्याला बुचो नावाच्या ड्रगवाल्याला उडवायचंय. बास. शेवटी एक ट्विस्ट आहे तो सांगत नाही, पण सत्तरच्या दशकातले हिंदी पिक्चर बघत मोठे झाला असाल तर तुम्ही फार दचकणार नाही एवढंच सांगतो.

तरीपण मी तो निदान पंधरा वेळा बघितलाय. पहिल्यांदा केबलवर, सोळाव्या वर्षी, तेव्हा मला फक्त दोन गोष्टी दिसल्या, धडाधड उडणाऱ्या गोळ्या आणि हिरॉईन सलमा हायेक. खरा पिक्चर कळला तो बऱ्याच वर्षांनी. मी मिरजेचा, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आणि ऐन लग्नाच्या सीझनला आमच्या दुकानाचं शटर ओढताना डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. सहा आठवडे हात बांधून घरात. आता ज्याला गिटार माहीत नाही त्याला वाटेल डावाच हात ना, उजवा तर शाबूत आहे, पण उजव्यानं नुसत्या तारा छेडायच्या असतात हो, कॉर्ड धरायचं सगळं काम डाव्याचं, डावा गेला की माणूस लाकडाचा डबा वाजवत बसला म्हणून समजा. त्या सहा आठवड्यांत परत ‘डेस्पराडो’ लावला आणि लक्षात आलं की या हिरोलासुद्धा गोळी बसलीय ती डाव्याच पंजात.

ती गोळी बसते आधीच्या पिक्चरमध्ये, म्हणजे ‘एल मारियाची’ (1992). त्यात हा साधा सरळ पोरगा असतो, पणजोबा, आजोबा, बाप सगळे मारियाची, म्हणजे गिटार घेऊन गाणी म्हणणारे, आणि यालाही तेच व्हायचंय. काम मागायला एका बारमध्ये जातो तर मालक म्हणतो तू एकटा, माझ्याकडे तुझ्याच पैशात अख्खा बँड आहे, आणि समोर एक माणूस एकच कीबोर्ड घेऊन बसलाय आणि बटणं दाबून सगळी वाद्यं वाजवतोय. मी हा सीन बघून एवढा हसलो आणि मग एकदम गप्प झालो, कारण आमच्याकडे पण हेच झालंय. पूर्वी स्टेजवर अकॉर्डियन, ढोलक, बोंगो, दोन व्हायोलिन असे दहा-बाराजण असायचे, आता कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला मिळून लग्न काढतात, मला बोलावतात ते बऱ्याचदा फोटोत गिटार चांगली दिसते म्हणून. (खरं तर मारियाची हा सुद्धा अख्खा ताफाच असतो, व्हायोलिन, ट्रंपेट, विउएला म्हणजे छोटी गिटार आणि गिटारोन नावाची पोटाएवढी मोठी गिटार. एकटा फिरणारा मारियाची म्हणजे एकट्यानं काढलेली लेझीम.) पुढे त्याच गावात काळे कपडे आणि गिटारची केस असाच अवतार असलेला एक खुनी सुटलेला असतो, गुंडांचा घोळ होतो, याची मैत्रीण मरते आणि याचा पंजा जातो. ‘डेस्पराडो’तला राग तो हा.

आता स्टाइलचं. लोकांना वाटतं हॉलिवूडचा पैसा म्हणून एवढं चकचकीत. पैसा नंतर आला. पहिला पिक्चर डायरेक्टर रॉबर्ट रॉड्रिगेझनं जेमतेम 7 हजार डॉलरमध्ये केला, तेव्हा तो 23-24 वर्षांचा, आणि त्यातले 3 हजार मिळवले ते ऑस्टिनमध्ये औषधांच्या ट्रायलसाठी महिनाभर स्वतःला भरती करून घेऊन. तिथेच पडल्या पडल्या स्क्रिप्ट लिहिली आणि शेजारी जो दुसरा पेशंट होता, पीटर मार्क्वार्ट, त्यालाच व्हिलन केला, त्याला स्पॅनिश येत नव्हतं तरी! शूटिंग टेक्सासच्या सीमेपलीकडच्या सिउदाद आकुन्या गावात, दोन आठवडे. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीच्या जागी व्हीलचेअर, बंदुका काही तिथल्या पोलिसांकडून मागून आणलेल्या. पण त्या खऱ्या बंदुका असल्यामुळे खोटी काडतुसं घातली की एक बार उडून अडकायच्या, मग पठ्ठ्यानं तोच एक बार वेगवेगळ्या अँगलनं घेतला आणि वरून मशीनगनचा आवाज चिकटवला. कॅमेऱ्यासोबत आवाज रेकॉर्ड करायची सोयच नव्हती म्हणून शॉट झाला की नटांना तेच डायलॉग परत म्हणायला लावून टेपवर घ्यायचे, आणि एडिटिंगला ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की तो पटकन कट मारून भलतीकडेच जायचा, समोरच्याचा चेहरा, कुत्रा, काहीही. तो जो फटाफट कटिंगचा झपाटा नंतर त्याची स्टाइल म्हणून गाजला तो असा चुका झाकता झाकता हाताला बसलाय. ऑर्केस्ट्रावाल्यांना हे बरोबर कळेल, गायक लाइन विसरला की आपण मध्येच एक लीड पीस टाकतो आणि लोक टाळ्या देतात, तसं.

हा पिक्चर हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओनं विकत घेतला, 1993 ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये प्रेक्षकांचं अवॉर्ड मिळालं, आणि पुढच्यासाठी त्याच माणसाच्या हातात 70 लाख डॉलर आले. म्हणजे सरळ हजारपट. पण ‘डेस्पराडो’ बघताना कळतं की सवय गेलेली नाही, एडिटिंग परत स्वतःच, गाव परत तेच आकुन्या. हिरो तेवढा बदलला, अँटोनिओ बँडेरस आला, जो मुळात स्पेनचा, आणि व्हिलन हुआकिम द आल्मेडा तर पोर्तुगालचा, मेक्सिकोची खरी ती सलमाच. आधीचा हिरो कार्लोस गायार्दो बिचारा इथे हिरोचा मित्र झालाय, शेवटाकडे दोन्ही हातात गिटारच्या केस घेऊन येतो आणि त्या केसच मशीनगन असतात, तिसऱ्या दोस्ताच्या केसमधून रॉकेट उडतं. लॉजिक विचारू नका. मला मात्र गायार्दोला त्या धुळीत उभा बघून दरवेळी बरं वाटतं.

सुरुवात बघाच. स्टीव्ह बुशेमी बारमध्ये येऊन एका काळ्या कपड्यातल्या भुताची गोष्ट सांगतो, मीठमसाला लावून, आणि आपल्याला जे दिसतं ते त्यानं सांगितलेलं असतं, म्हणून गोळी लागली की माणूस दहा फूट उडतो. मग टायटल, बँडेरस आणि लॉस लोबोस बँडचं गाणं, आवाज बँडेरसचा स्वतःचा, आणि गाता गाताच गिटारीनं एका दारुड्याला हाणून परत पुढची ओळ पकडतो. यात त्याची बोटं बघा, डावा हात मस्त पळतोय. आणि मग तो दचकून उठतो. स्वप्न होतं! सोळाव्या वर्षी मला हे कळलंच नव्हतं, बोटं बांधून बसलेलो असताना मात्र पोटात कालवलं, कारण मलाही त्या दिवसांत अगदी असलीच स्वप्नं पडायची, आख्खा सोलो वाजवून व्हायचा आणि जाग आली की पट्टी. पुढे रस्त्यावर एक पोरगा गिटार घेऊन बसलेला भेटतो आणि हा त्याला शिकवत बसतो, तो छोटासा सीन मला अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात चांगला वाटतो. त्या पोराच्या गिटारीची भानगड नंतर कळेल.

ॲक्शनमध्ये एकच सांगतो, बारमधली मारामारी. सगळे मेलेत, हा आणि एक गुंड उरलेत, दोघांच्या गोळ्या संपल्या. जमिनीवर बंदुकांचा सडा. दोघं एकेक बंदूक उचलतात, एकमेकांवर रोखतात, खट्. रिकामी. टाकली, दुसरी उचलली, खट्. परत खट्. संगीत नाही, नुसता ताल. मी तर म्हणतो तिथे डोळे मिटून ऐका. हा सीन करायला पैसा लागत नाही, तालाचं अंग लागतं.

नावडलेलं पण सांगतो. शेवट फसलाय. बुचोच्या बंगल्यावर मोठी हाणामारी होणार म्हणून आपण सरसावून बसतो आणि स्क्रीन विझतो, डायरेक्ट पुढचा सीन. तिकडच्या रेटिंगवाल्यांच्या, म्हणजे आपल्या सेन्सॉरसारख्यांच्या, कटकटीत तो शूटआउट उडाला, ठीक आहे, पण जेवायला बसवून ताट उचलल्यासारखं होतं. डायरेक्टर टॅरंटिनो मध्येच येऊन जोक सांगतो, तो जरा लांबलाय. चाकू फेकणारा डॅनी ट्रेहो मात्र एक शब्द न बोलता सगळ्यांना खाऊन टाकतो. तिसरा पार्ट 2003 चा, त्यात जॉनी डेप आहे, पण गर्दी एवढी की आपला गिटारवाला शोधावा लागतो, नाही बघितला तरी चालेल.

पहिला पार्ट बघितलाच पाहिजे असं नाही, ‘डेस्पराडो’ एकटा कळतो. पण जमलं तर आधी तो बघा, दीड तासाचाच आहे, कीबोर्डवाल्या सीनसाठी तरी. हिंदी डब घेऊ नका, आणि हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर ते गाणं पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. आणि रात्री आईवडील झोपल्यावर लावा, मध्ये सलमाचा एक सीन बराच वेळ चालतो आणि रिमोट ऐनवेळी सापडत नाही, अनुभवाचं सांगतोय.