पिलांवरची मरळ

प्रिय बेटा,

फोटो मिळाला. मरळ हातभर लांब आहे, पहिलीच एवढी मोठी, आनंद होणारच. पण काठावरचा म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार, "पिलावरची काढली ना बाप्पा" एवढंच म्हणून निघून गेला आणि तुला रात्रभर झोप नाही. ती आली नाही हे बरं झालं. आता ऐक. पिलांवरची म्हणजे पिलांची राखण करत असलेली.

पिलांवरच्या मरळीवर गळ टाकायचा नाही.

तुझ्याच वयाचा होतो. साकोलीकडचा एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, श्रावणातली उघडीप. आभाळ कोरडं आणि बेशरमाच्या झुडपाजवळ परातीएवढ्या जागेत पाणी मात्र सरी पडल्यासारखं बुडबुडत होतं. वाकून पाहिलं, तर लालसर पिलं, शेकड्यांनी. मरळीच्या जातीला वर येऊन हवा घ्यावीच लागते, पिलंही घोळक्यानेच वर येतात. मी गळाचा रबरी बेडूक थेट त्या बुडबुड्यांवर टाकला. दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं. तो दणका अजून मनगटात आहे. तेव्हा वाटलं, काय कसब आपलं! कसब कसलं? ती भुकेने आलीच नव्हती. पिलांवर काहीतरी पडलं म्हणून धावली होती. घरी रस्सा झाला, सगळ्यांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम गेलो. परात फुटली होती. पिलं चार-चार, पाच-पाच करून झुडपाला चिकटली होती, काठाला बगळे उभे होते आणि खालून कुणीतरी सारखं उसळत होतं. संध्याकाळी तिथलं पाणी स्वच्छ आणि शांत. ते शांत पाणी मला रश्श्यापेक्षा जास्त आठवतं.

तू लिहिलंस, "मी नाही काढली तर दुसरा काढेल." हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. दुसऱ्याचा गळ तुझ्या हातात नाही, तुझा आहे. पिलांवरच्या मरळीवर गळ टाकायचा नाही, एवढंच.

"फोटो काढून सोडली तर?" नाही. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, खरं आहे. पण तू तिला धरून हसत असतोस तेवढा वेळ पिलांवर तिची राखण नसते. चुकून लागलीच तर तिथल्या तिथे, त्याच क्षणी सोड.

याच एका गोष्टीवरून माझा जुना जोडीदार तुटला. त्याने घोळक्यावरची काढली, मी सामान आवरून निघालो, पुढे आम्ही एकत्र कधी बसलो नाही. घरचे म्हणतात, एवढं ताणायला नको होतं. मला तो माणूस हवा होता, आजही हवा आहे. पण त्या दिवशी मी बसून राहिलो असतो तर पुढच्या वर्षी मीही काढली असती. स्वतःला ओळखतो मी.

छंद सोडू नकोस. रविवारी ये, रॉड आण. घोळका दिसला तर गळ गुंडाळून बघत बसू, तासभर तरी. पिलांचा लाल रंग उतरून ती काळपट होतात आणि घोळका आपसूक पांगतो. मग त्या झुडपाजवळ पहिली फेक तुझी.

तुझा,
काका