वाचकांचे प्रश्न : सर्व शाखांच्या वर्गात शरीरक्रियाशास्त्र

प्रश्न : यावल तालुक्यातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्याकडे सर्व शाखांसाठी शरीरक्रियाशास्त्राचा एक विषय सुरू झाला असून, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र व मराठीचे विद्यार्थी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात बसतात. वैद्यकीय ग्रंथाच्या क्रमाने शरीरातील एकेक संस्था (पचनसंस्था, श्वसनसंस्था वगैरे) घेत गेले, तर अर्धा वर्ग माना खाली घालतो. सोपे करून सांगितले, तर तासाचे आरोग्यविषयक व्याख्यान होते. काय ठेवावे आणि काय गाळावे?

उत्तर : संस्थांची संख्या आपण निम्म्याहून कमी केलीत तरी माझी हरकत नाही, मात्र ज्या उरतील त्या शिकवताना आकडेमोड आणि कार्यकारणाची साखळी यांत कोणत्याही शाखेला सवलत देऊ नये. एका सत्रात रक्ताभिसरण, तापमानाचे नियंत्रण आणि पाणी-क्षारांचा समतोल एवढे नीट झाले तरी पुरे. आरोग्याचे सल्ले विद्यार्थ्यांना भ्रमणध्वनीवर हवे तेवढे मिळतात, त्यासाठी आपला तास खर्ची घालू नये.

आपल्या भागात आरंभ उन्हापासून करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्वचेचे तापमान मात्र ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे शरीराकडून हवेकडे उष्णता जाण्याऐवजी हवाच शरीराला तापवू लागते आणि सुटकेचा मार्ग घामाच्या बाष्पीभवनाचा तेवढा उरतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण ओघळून मातीत पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. एखाद्या मजुराच्या शरीरात काम करताना ताशी ४०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होत असेल, तर केवळ तेवढ्यासाठी त्याचा किती घाम सुकला पाहिजे, हे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून फळ्यावर करून घ्यावे. उत्तर ताशी पाऊण लिटरच्या जवळ येते आणि त्यात उन्हाने दिलेली उष्णता अजून धरलेलीच नसते. पुढचा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील : केळीच्या बागेत सावली असूनही जीव का घुसमटतो? बागेतील हवा दमट आणि कोंडलेली असते, त्यामुळे घाम सुकत नाही. घरातला कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि पाऊस सुरू झाला की निकामी ठरतो, त्याचे कारणही हेच. शेतमजुरीच्या वेळा पहाटेकडे का सरकतात, याची चर्चा येथून आपोआप सुरू होते आणि ती विषयाला सोडून नसते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रज वैद्य विल्यम हार्वे हाताशी आहे. १६२८ मध्ये त्याने रक्ताभिसरण मांडले, तेव्हा रोहिण्या व शिरा यांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या कोणी पाहिलेल्या नव्हत्या. त्याचा एक मोठा आधार गुणाकार हा होता. एका ठोक्याला हृदयातून निघणारे रक्त त्याने मुद्दाम कमी धरले, तरी अर्ध्या तासाचा हिशेब अंगातल्या एकूण रक्ताच्या पलीकडे गेला. आजच्या आकड्यांनी, ७० मिलिलिटर गुणिले ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. अंगात रक्तही साधारण तेवढेच. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे खाल्लेल्या अन्नापासून दर मिनिटाला एवढे नवे रक्त तयार होणे शक्य नाही, हे मग कोणालाही पटते.

प्रात्यक्षिकासाठी उपकरणांची वाट पाहू नये. विद्यार्थ्याला पाच मिनिटे बाकावर आडवे करावे, मनगटाची नाडी मोजावी, त्याला उभे करावे आणि लगेच पुन्हा मोजावी. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मानेतील रोहिणीच्या भिंतीतल्या दाबसंवेदी चेतातंतूंचे संदेश कमी होतात, आणि मेंदूच्या तळाचा भाग असलेली लंबमज्जा हृदयाचे ठोके वाढवून रक्तवाहिन्या आकुंचित करते. ही साखळी विद्यार्थ्याने स्वतःच्या आकड्यांसह लिहावी. असे प्रयोग ऐच्छिक असावेत आणि त्यातील आकड्यांना गुण नसावेत. नंदुरबारकडच्या, सातपुड्यातील मुलांच्या वर्गात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार शिकवताना तर वर्गात रक्तचाचणीचा किंवा ‘कोणाच्या घरी आहे?’ असा विषयही काढू नये.

परीक्षेत एक खोड हमखास दिसेल. घाम का येतो, या प्रश्नाला ‘शरीर थंड राहावे म्हणून’ असे उत्तर येते. तो घामाचा उपयोग झाला. घाम येण्याची यंत्रणा त्यात नाही. मेंदूतील अधश्चेतकाला तापमानवाढ कळते, अनुकंपी (आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या) चेतातंतूंच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवते आणि स्वेदग्रंथी कामाला लागतात, एवढे आल्याशिवाय पूर्ण गुण देऊ नयेत. या चुकीत विज्ञानाचे विद्यार्थीही मागे नसतात, उलट पाठांतरामुळे त्यांची चूक लवकर दिसत नाही.

प्रश्न : मी धुळ्यात अर्थशास्त्र मुख्य विषय घेऊन शिकते. दहावीनंतर रसायनशास्त्राशी संबंध राहिलेला नाही. हा विषय मला झेपेल का?

उत्तर : झेपेल. पदार्थ जास्त संहतीकडून (म्हणजे दाटपणाकडून) कमी संहतीकडे जातात, द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो आणि आलेख कसा वाचावा, एवढी तयारी सुरुवातीला पुरते; यातले तिसरे तर आपल्याला येतच असेल. मीठ-साखरेच्या पाण्याचे उदाहरण घ्या. आतड्याच्या पेशीतील एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते, त्यांच्यामागोमाग पाणी जाते, आणि हगवणीत इतर मार्ग बिघडले तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर पटकीचे रुग्ण तोंडावाटे द्रावण देऊन वाचवले. सलाईनच्या तुलनेत या द्रावणाला खर्च आणि मनुष्यबळ किती कमी लागते, हा हिशेब आपल्या मुख्य विषयाचाच आहे. प्रकल्पासाठी तो अवश्य निवडावा आणि वाहक प्रथिनाची आकृती स्वतःच्या हाताने काढावी.